भाषा "येते" म्हणजे नक्की काय येतं?

रुग्णांची देखभाल करणाऱ्या कामासाठी मध्यंतरी मुलाखती घ्यायला बसले होते. पहिली मुलगी अस्खलित बोलत होती. दुसरी अडखळत, क्रियापदं चुकवत बोलली. आमच्या कागदावर भाषेसाठी एकच रकाना: चांगली, बरी, कच्ची. एकीला 'चांगली', दुसरीला 'कच्ची', विषय संपला असता.

मी हट्टच धरला. दोघींना फोनवर एक निरोप उतरवून घ्यायला लावला: एक गोळी जेवणानंतर दोनदा, दुसरी ताप चढला तरच. पहिली भराभर "हो, हो" म्हणाली, आणि तिच्या कागदावर 'तरच' हा शब्दच नव्हता! दुसरीने मध्येच थांबवून मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "दुसरी रोज नाही ना?" आणि बरोबर लिहून घेतलं.

न समजलेलं विचारून घेणं हेही भाषेचंच कौशल्य आहे. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या, भाषा किती येते ते ठरवायच्या चौकटीत ए१ ते सी२ अशा ६ पातळ्या आहेत, आणि त्यांची वर्णनं 'हा माणूस अमुक करू शकतो' अशा वाक्यांत आहेत. खुलासा विचारण्यासाठी तिथे वेगळी मोजपट्टी आहे. एकाच माणसाची वाचनाची पातळी वरची आणि बोलण्याची खालची असू शकते, हेही त्यात गृहीत धरलंय. आपण मात्र सगळ्याचा एकच शेरा करून टाकतो.

हाताच्या कामाचंही तेच. वैद्यकीय शिक्षणात १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डेन यांनी अशी परीक्षा मांडली की विद्यार्थ्याने एकेका टेबलापाशी जाऊन नेमून दिलेलं काम करून दाखवायचं. पुढे १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्या सांगितल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोजच्या कामात करतो. आपल्या बहुतेक मुलाखती दुसऱ्या पायरीवरच संपतात, कारण तोंडी प्रश्न विचारणं सोपं असतं. करून बघायला वेळ लागतो, साहित्य लागतं, आणि परीक्षकाला गप्प बसून नुसतं बघावं लागतं (हे सगळ्यात अवघड).

माझी फोनवरची परीक्षाही तिसऱ्याच पायरीची होती, हे मला मान्य आहे. घाबरलेलं माणूस एरवी येणारी गोष्टही चुकतं. म्हणून पहिलीला आम्ही नाकारलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं, दुसरा निरोप दिला. या वेळी तिने लिहून झाल्यावर सगळा परत वाचून दाखवला.