शेळी गाभडली की लसीवर बिल: भावकीच्या गटातल्या मेसेजला उत्तर

आमच्या भावकीच्या गटात आत्यानं एक लांबलचक मेसेज ढकलला. मथळा लाल अक्षरांत: ‘शेळ्या का गाभडतात? डॉक्टर सांगणार नाहीत ते सत्य!’ आत काय, तर गाभडणं, म्हणजे दिवस भरायच्या आधीच गर्भ पडणं, हा रोग नाही, अंगातली उष्णता आहे. सरकारी लसीनं शेळ्या गाभडतात, टोचू देऊ नका. वार आणि मेलेलं पिल्लू राखणीच्या कुत्र्याला घाला, कुत्रं तेज होतं. गाभडलेल्या शेळीचं दूध कच्चंच प्या, सांधे मोकळे होतात. मग तिला बाजार दाखवा. मांजर गोठ्यात येऊ देऊ नका, अपशकुन. शेवटी कडुलिंबाचा धूर आणि ‘दहा गटांत पाठवा’.

असलं काही आलं की मी न वाचता पुढं सरकतो. पण भूमकडं चुलतभावाच्या दावणीला उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यातल्या तीन लागोपाठ गाभडल्या. आणि माझी वहिनी, जिला स्वतःला पाचवा महिना चालू आहे, उघड्या हातानं अडकलेली वार ओढत होती. का, तर ‘रोग नाही’ असं मेसेजमध्ये लिहिलंय. तिला फोनवरच आधी गोठ्यातून बाहेर काढलं आणि मग हे लिहायला बसलो.

उष्णतेचं आधी उरकतो. एखाद-दुसरी शेळी गाभडायला कारणं भरपूर असतात. दुसरीनं पोटात ढुसणी दिली, बुरशी आलेला कडबा खाल्ला, टंचाईत नुसत्या पाल्यावर दिवस काढले, नुकतीच गाभण राहिलेली असताना अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजलं. चैत्र-वैशाखातलं आपल्याकडचं ऊनही त्यात धरा. एवढं कबूल. पण एकाच कळपात एकीमागून एक गाभडायला लागल्या की उष्णतेचं नाव सोडायचं. शेळी पाच महिने गाभण असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टाकायला लागल्या तर पहिला संशय ब्रुसेला या जंतूवर, ज्याच्या रोगाला आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो. व्यायला दोन-तीन आठवडे उरलेले असताना टाकलं तर क्लॅमिडिया या दुसऱ्या जंतूवर. शिवाय कॉक्सिएला, टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, कँपिलोबॅक्टर हे जंतू आहेतच, आणि शेळ्यांची बुळकांडी म्हणजे पीपीआर आली तरी गाभण शेळ्या टाकतात. नुसतं बघून यातलं नेमकं कोणतं, हे जनावरांच्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. मेसेजवाल्याला मात्र घरबसल्या कळलं.

आता कुत्र्याला वार घालण्याचा मुद्दा. हे लिहिणाऱ्यानं गाभडलेली शेळी जवळून पाहिलेली नाही. जंतू सगळ्यात दाट असतात ते वारेत, गर्भाच्या पाण्यात आणि त्या मेलेल्या पिल्लात. कुत्रं ते तिथंच बसून खात नाही. अर्धं खातं, अर्धं ओढत नेऊन शेजाऱ्याच्या गव्हाणीपाशी टाकतं. दुसऱ्या गाभण शेळ्या ती जागा हुंगतात, चाटतात, तिथलाच चारा खातात, आणि पुढच्या महिन्यात त्यांची पाळी. ओल्या, सावलीच्या जागेत ब्रुसेला महिनोन्महिने टिकतो. म्हणून हातात मोजे घालायचे, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या, तोंडाला फडकं. वार, पिल्लू, भिजलेलं गवत सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. जागेवरही चुना. गाभडलेली शेळी वेगळी बांधायची. आणि वहिनी, तुम्ही किंवा दिवस गेलेली कोणतीही बाई, अशा वेळी गोठ्यात पायसुद्धा ठेवायचा नाही. क्लॅमिडिया असो, क्यू फीवर नावाच्या तापाचा कॉक्सिएला असो की टॉक्सोप्लाझ्मा, हे पोटातल्या लेकरापर्यंत पोचू शकतात.

कच्च्या दुधावर तर माझं डोकंच फिरलं. या भानगडीचा निकाल शंभर वर्षांपूर्वी लागलेला आहे. माल्टा बेटावर इंग्रजांचे सैनिक महिनोन्महिने तापानं फणफणायचे. डेव्हिड ब्रूस यानं 1887 मध्ये त्याचा जंतू वेगळा काढला, पण तो येतो कुठून ते कळेना. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या तिथल्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं. दिसायला धडधाकट, दूध भरपूर, आणि जंतू त्यांच्यातच. 1906 मध्ये सैन्याच्या जेवणातून शेळीचं दूध काढलं आणि सैनिकांमधला ताप झपाट्यानं खाली आला. याहून मोठा पुरावा कसला पाहिजे? मेसेजमध्ये गांधीजींचंही नाव घातलंय. गांधीजी शेळीचं दूध घ्यायचे, खरं आहे. त्यानं तुमच्या शेळीतला जंतू अहिंसक होत नाही. दूध उकळा, विषय संपला. ‘सांधे मोकळे होतात’ म्हणे! ब्रुसेला माणसाला झाला की कंबर-गुडघे धरतात, रात्री घाम फुटतो, ताप येतो-जातो, पुरुषांचे वृषण सुजतात. आपल्याकडं त्याला टायफॉइड म्हणून सलाईन लावतात आणि माणूस गावभर दवाखाने करत फिरतो. डॉक्टरांना एवढंच सांगा की घरच्या शेळ्या गाभडल्यात. गोळ्या दीड-दीड महिना घ्याव्या लागतात, पण माणूस बरा होतो.

लसीच्या मुद्द्यात कणभर खरं आहे, नाइलाजानं सांगतो. ब्रुसेलाची एस-19 ही जिवंत लस गाभण गाईला टोचली तर गाय गाभडू शकते. म्हणूनच 2019 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कार्यक्रमात ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना, आयुष्यात एकदाच टोचतात. शेळ्यांना त्या मोहिमेत ती देतच नाहीत. मग न टोचलेल्या लसीनं शेळी गाभडली कशी? शेळ्यांना पीपीआरची, आंत्रविषाराची लस मिळते. गाभण शेळीला धरताना धसमुसळेपणा करू नका, एवढं बोलणं ठीक. पण पीपीआरची लस नाकारली आणि तो रोग आला तर गाभडणं तर येईलच, सोबत कळपही जाऊ शकतो.

बाजार दाखवायचा सल्ला म्हणजे हाळीच्या बाजारातून कुणा गरिबाच्या दावणीला रोग बांधणं. ब्रुसेला झालेली शेळी पुढच्या वेताला नीट विऊसुद्धा शकते, आणि तरी दुधातून जंतू सोडत राहते. 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात हा रोग आहे. संशय आला की मालकानं कळवायचं असतं. 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा, शेळीचं रक्त तपासायला द्या. तपासणी काही अवघड नाही. रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी पट्टीवर घेतात, त्यात गुलाबी द्राव मिसळून चार मिनिटं हलवतात. कण जमले तर संशय, मग पुढची पक्की तपासणी. पिल्लू आणि वारेचा तुकडा बर्फात ठेवून दिला तर आणखी चांगलं.

मांजराचं आत्याला अर्धं श्रेय देतो. शेळ्यांमध्ये टॉक्सोप्लाझ्मा मुख्यतः मांजराच्या विष्ठेतून पसरतो. पण मांजर आडवं गेल्यानं नाही, पेंडीच्या पोत्यावर घाण केल्यानं. पोतं झाकून ठेवा.

कडुलिंबाचा धूर खुशाल करा. माशा पळतील.