‘व्हॅनिटी’ आणि ‘वनिता’: कृपया तो मेसेज थांबवा

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतो आहे: इंग्रजीतला ‘व्हॅनिटी’ हा शब्द संस्कृत ‘वनिता’वरून आला, म्हणून त्याचा मूळ अर्थ ‘बायकांची नटण्याची हौस’. काल धरमपेठेतल्या माझ्या शिकवणीत नववीतल्या मुलीने हेच वहीत निळ्या शाईने, चौकट आखून लिहून आणलेलं पाहिलं आणि राहवलं नाही.

व्हॅनिटी आला लॅटिन ‘वानुस’वरून, म्हणजे रिकामा, पोकळ. फ्रेंचमार्गे तो 13व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोचला. आधी अर्थ होता निरर्थकता. रूपाचा, स्वतःचा पोकळ गर्व हा अर्थ नंतरचा. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘सगळं व्हॅनिटी’ म्हटलंय तिथे मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ श्वास, वाफ असा आहे. नटण्याचा तिथे संबंधच नाही.

संस्कृतशी नातं मात्र आहे, आणि ते मला फार आवडतं. वानुसचा भाऊबंद म्हणजे ‘ऊन’, कमी असलेला. आपलं ‘उणे’ त्यातलंच. एकोणीसमध्येही तोच बसलाय, विसाला एक उणा. ‘वनिता’ आली ‘वन्’ धातूवरून, म्हणजे प्रेम करणे, हवेसे वाटणे. तिची लॅटिनमधली नातलग ‘व्हीनस’, रोमन लोकांची प्रेमाची देवता. म्हणजे व्हॅनिटी आणि वनिता यांची मुळं वेगळी, हे कुठल्याही चांगल्या व्युत्पत्तिकोशात दिसेल.

हा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. मुलं परीक्षेत तेच लिहितील.