मॉस्कोबद्दल आणखी हवं होतं

स्विस मानसशास्त्रज्ञ क्लापारेद यांनी १९२० मध्ये जिनिव्हाला भरवलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून उपयोजित मानसशास्त्राचा (म्हणजे शाळा, कारखाने अशा ठिकाणी प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या मानसशास्त्राचा) प्रवास तुमच्या लेखात सुरेख आलाय. पण त्याच मालिकेतली १९३१ ची मॉस्को परिषद एका ओळीत उरकलीत, याचं वाईट वाटलं. तिचे अध्यक्ष सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ इसाक श्पिलराइन (मनोविश्लेषक सबिना श्पिलराइन यांचे धाकटे भाऊ) यांना १९३५ मध्ये अटक झाली, १९३७ मध्ये गोळ्या घातल्या. मधल्या वर्षी, १९३६ मध्ये, सोव्हिएत संघात शाळांतल्या मानसिक चाचण्यांवर बंदी आली आणि त्याच लाटेत कामगारांची निवड, त्यांचा थकवा यांवरचं संशोधनही बंद पडलं. केवढं नुकसान! आज उमेदवारांची पारख संगणकाकडे सोपवली जातेय. अशा वेळी चाचणी घेणाऱ्याने उमेदवाराला नेमकं काय सांगणं बंधनकारक असावं, यावर पुढच्या भागात जरूर लिहा.