देव्हाऱ्यातला मोर

परवा इंदूरच्या कसेरा बाजारात माझी जी शोभा झाली, तिची चकाकी तिथल्या नव्या पितळेलाही नसेल.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक पितळी मोर निघाला. मुठीत मावेल एवढा, पोटात खुळखुळणारे खडे, तळाला चौकड्यांची खरखरीत नक्षी. मोर म्हणजे कार्तिकेय, नाहीतर सरस्वती, असा हिशेब करून मी तो देव्हाऱ्यात बसवला. पाच वर्षं हळदकुंकू वाहिलं. दिवाळीआधी उजळून घ्यावा म्हणून नेला आणि दुकानदाराला सहज विचारलं, "भिया, ये है क्या?"

विचारायचं नव्हतं. इंदुरात 'माहीत नाही' हे उत्तर मिळत नाही. पत्ता विचारा, ज्याला ठाऊक नाही तोही छातीठोकपणे तुम्हाला गोराकुंडाकडे पाठवतो.

दुकानदाराच्या आधी स्टुलावरचे सफारीवाले काका उठले. पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. मोर कानाशी हलवला, हुंगला, चष्मा कपाळावर चढवून तळ न्याहाळला.

"मराठी का? मग ऐका. ही मुद्रा आहे. होळकर दरबारची."

"पण अक्षरं कुठायत?"

"गुप्त मुद्रा! मी सांगून राहिलो ना भिया. मंदसौरच्या तहावर हीच उमटली. साल १८१८."

तहाचं साल बरोबर होतं, हाच घात. जमलेल्या चार टाळक्यांनी माना डोलावल्या.

"आणि आत खडे?"

"कोणी चोरली तर वाजावी म्हणून!"

एवढं बोलून काकांनी मोर दोन्ही डोळ्यांना लावला. मग मीही लावला. सलतंय ते हेच.

तेवढ्यात पातेलं घ्यायला आलेल्या आजी वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, वज्री! टाचा घासायची हो." आणि चप्पल काढून भर दुकानात घासून दाखवली. मोर छुमछुम वाजला. वर मला विचारतात, "घरात कोणी मोठं माणूस नाही का?"

नाही. असतं तर बाजारात आलो असतो का?

काका म्हणाले, "मी तेच तर म्हणत होतो," आणि स्टुलावर बसले. दुकानदारानं काटा पुढे ओढला. मोडीच्या भावानं देता का म्हणे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात वज्र्या काचेआड मांडल्यात, आणि इथे काटा! आणि मलाच का हसायचं? आमच्या साडूंच्या शोकेसमध्ये तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं आहे. ते पाहुण्यांना 'अत्तरदाणी' म्हणून दाखवतात. त्यांना अजून आजी भेटल्या नाहीत, एवढंच.

वज्री आता न्हाणीघरात आहे. चौकड्यांत पाच वर्षांचं कुंकू गच्च बसलंय, चिंच लावली तरी निघत नाही. रोज अंघोळीनंतर ओल्या फरशीवर माझी लाल टाच उमटते, आणि बायको विचारते, "अहो, लक्ष्मीची पावलं बाहेर कुठे निघाली?"