हलकी बंदूक, हलका धक्का? दाजी, ड्रिल खाली ठेवा

रविवारी सकाळीच भाचीचा फोन. "मामा, पप्पा माझ्या रायफलीला भोकं पाडायलेत!" जुळे सोलापूरला पोचेपर्यंत दाजींनी एअर रायफलच्या लाकडी दस्त्यात दोन भोकं पाडलीसुद्धा होती. व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता: 'रायफल हलकी करा, धक्का आपोआप कमी. दस्ता पोखरा, नळी चार इंच कापा, मागे रबर लावा. सगळे चॅम्पियन हेच करतात. गावाकडच्या बारा बोअरलाही चालतं. एअरगनला तर कायदाच नाही.'

पहिलंच वाक्य उलटं आहे ओ! गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते. किती जोरात येणार, ते तिच्या वजनावर. मार्केट यार्डात कांद्याने भरलेल्या हातगाडीला एक ढकल द्या, मग तेवढीच रिकामीला द्या. कुठली पळते? काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं, तर ती दुप्पट वेगाने खांद्यावर येते आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. आपोआप कमी म्हणे!

भाचीची रायफल तर स्प्रिंगची. तिचा हिसका छर्र्याचा नाहीच. छर्रा असतो अर्ध्या ग्रॅमचा. आतला पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते आणि तो टोकाला आदळला की पुढे. बाहेरचं लाकूड कोरून पिस्टन हलका होत नाही. बंदूक तेवढी जास्त नाचते.

'चॅम्पियन हेच करतात' याला आयएसएसएफचं, म्हणजे नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, नियमपुस्तक पुरे. दहा मीटर एअर रायफलला वजनाची मर्यादा आहे साडेपाच किलो, पुरुषांच्या ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) ८ किलो. दोन्ही कमाल मर्यादा. हलकेपणात फायदा असता तर 'याहून जड नको' असं कोणी कशाला लिहिलं असतं? नेमबाज नळीवर वजनं चढवतात, उतरवत नाहीत. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं ते याच थ्री पोझिशनमध्ये.

रबराचं खरं आहे, मान्य. धक्का तेवढाच राहतो, पण जरा सावकाश आणि पसरून लागतो. आणि तेरा वर्षांच्या पोरीला जड रायफल झेपत नाही, हेही खरं. पण त्यावर उपाय दस्त्याची लांबी तिच्या मापाची करणं आणि डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायला शिकवणं. भार हाडावर गेला की दंड थरथरत नाही.

नळीचं मात्र गमतीवारी नेऊ नका. एअर रायफलचं तोंड वाकडंतिकडं कापलं गेलं की हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा भरकटतो. बारा बोअरचा चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारा नळीचा आवळलेला भाग, तोंडाशीच असतो. तो कापला की छर्रे फाकतात. त्यात १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ६ वाचा: बंदुकीची नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो. गावाकडे कुणी हा मेसेज वाचून लेथवाल्याकडे गेला, तर दोघंही आत. एअरगनलाही कायदा आहे. २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठा बोअर (नळीचं भोक) असला, की परवाना लागतोच.

दाजींनी सगळं ऐकलं, "बरं बरं" म्हणाले आणि मेसेज पुढे पाठवलेल्या तीन ग्रुपांवरून काढायला बसले. दस्त्यातली दोन भोकं मी एम-सीलने बुजवली. तेवढंच पाच-दहा ग्रॅम वजन वाढलं.