टेबलस्पेस हलली म्हणजे डेटाबेस हलला असं नाही

डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय: “ओरॅकल एआयएक्सवरून लिनक्सवर न्यायचंय? टेबलस्पेस रीड-ओन्ली करा, फाइली कॉपी करा, आरमॅनने कन्व्हर्ट करा. ओएस बदलली की कन्व्हर्ट लागतंच. अख्खा डेटाबेस तासाभरात हलतो.” (टेबलस्पेस म्हणजे टेबलं ठेवणाऱ्या डेटा फाइलींचा गट, एआयएक्स ही आयबीएमची ओएस, आरमॅन हे ओरॅकलचं बॅकअपचं साधन.) यावर भिस्त ठेवून कुणी कटओव्हरची, म्हणजे नव्या डेटाबेसवर जाण्याची तारीख देऊ नये, म्हणून लिहितोय.

“ओएस बदलली की कन्व्हर्ट लागतंच.” नाही. प्रश्न बाइटांच्या क्रमाचा आहे. चार बाइटांतला १ हा आकडा एआयएक्सवर ००-००-००-०१ असा बसतो, इंटेलवरच्या लिनक्सवर ०१-००-००-०० असा. म्हणून तिथे कन्व्हर्ट हवं. विंडोज आणि लिनक्सचा क्रम एकच, तिथे टेबलस्पेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तरी चालतात. वेगळ्या प्लॅटफॉर्मवर नेण्याची ही सोय ओरॅकलच्या १०जी आवृत्तीपासूनची. आधीच्या ८आयमध्ये प्लॅटफॉर्म तोच लागायचा. शिवाय कन्व्हर्टला ओरॅकलच्या स्वतःच्या रचना कळतात. तुमच्या सी प्रोग्रॅमने रॉ कॉलममध्ये (त्यातल्या बाइटांचा अर्थ ओरॅकल लावत नाही) बायनरी आकडे भरले असतील, तर ते उलटेच राहतात.

“अख्खा डेटाबेस हलतो.” सगळ्यात घातक वाक्य हेच. ओरॅकलची स्वतःची सिस्टिम टेबलस्पेस या पद्धतीने हलत नाही, म्हणजे तिच्यात राहणारे पॅकेज, व्ह्यू, सिनोनिम, सीक्वेन्सही (क्रमांक पुरवणारे) मागेच राहतात. एका कामात मी हे भोगलंय. रविवारी पहाटे टेबलं उघडली, रेकॉर्डची संख्या जुळली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पहिल्याच इन्सर्टला एरर आली, ओआरए-०२२८९: सीक्वेन्सच नाही. ते आणायचं यादीत कुणी लिहिलंच नव्हतं, मीही नाही. हे सगळं वेगळ्या मेटाडेटा (डेटा सोडून फक्त व्याख्यांच्या) एक्स्पोर्टने आणावं लागतं, किंवा १२सीपासूनचा फुल ट्रान्सपोर्टेबल एक्स्पोर्ट वापरावा लागतो. साध्या टेबलस्पेस पद्धतीत यूजर मात्र प्लग-इनच्या, म्हणजे टेबलस्पेस नव्या डेटाबेसला जोडण्याच्या आधी तयार हवेत.

टेबलस्पेसचा संच स्वयंपूर्ण आहे का, हेही मेसेजमध्ये नाही. संचात इंडेक्स आहे पण त्याचं टेबल बाहेर, तर अडतं. टेबल आत आणि इंडेक्स बाहेर, तर चालतं, फक्त तो इंडेक्स तिकडे पुन्हा बांधायचा. डीबीएमएस-टीटीएस पॅकेजची तपासणी हे आधीच दाखवते.

“तासाभरात.” कॉपी, कन्व्हर्ट आणि मेटाडेटा इम्पोर्ट संपेपर्यंत मूळ टेबलस्पेस रीड-ओन्लीच राहते. काही टेराबाइटांना हे तासात होत नाही, आणि टेबलांचे हजारो पार्टिशन (तुकडे) असतील तर इम्पोर्टच रेंगाळतो. त्यासाठी इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग घेणाऱ्या) बॅकअपची वाट आहे: चालू डेटाबेसवरूनच फाइली आधी हलवायच्या, मग रोजचे बदल त्यावर चढवत राहायचं, आणि फक्त शेवटच्या फेरीला रीड-ओन्ली करायचं.