612 पावांचा हिशेब

सर, नमस्कार. उत्तराला उशीर झाला, सहामाहीचे पेपर तपासत होते.

पाव वाटून भागाकार शिकवण्याच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘पाव वाटायचे खेळ खेळवून मुलं हिशेबात कच्ची राहतात. आम्हाला तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ होती, म्हणून भागाकार कधी अडला नाही.’

(पावकी, निमकी, औटकी म्हणजे पाव, अर्धा आणि साडेतीनचे पाढे.) तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. सात आठे छप्पन चटकन आठवलं नाही तर मोठ्या भागाकारात पोरगं अर्ध्या वाटेत दमतं, हे मी रोज बघते. लेखातून ‘पाढे नकोत’ असा सूर निघाला असेल तर चूक माझी. आमच्याकडेही पाढे म्हणतात, चांगले शेजारच्या वर्गाला त्रास होईल इतक्या मोठ्याने.

पण गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. चौथीतली मुलगी, वडिलांची लालबागला वडापावची गाडी. पाढे घडाघडा. फळ्यावर 612 भागिले 6 दिलं. सहा एके सहा. एक खाली घेतला, भाग जात नाही, म्हणून लगेच दोनही खाली घेतला. सहा दुणे बारा. उत्तर 12, बाकी शून्य. पाढा कुठेच चुकलेला नाही! मी म्हटलं, ‘612 पाव सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला बाराच?’ ती फळ्याकडे बघत पुटपुटली, ‘बारा सक बहात्तर...’ आणि मग एकदम, ‘बाई, मग पाचशे चाळीस पाव कुणी खाल्ले?’

वर्ग हसला. तिने खडू घेतला, आधी सहाशे वाटले, प्रत्येकाला शंभर. उरलेल्या बारांतले दोन-दोन. मधलं शून्य मला सांगावं लागलं नाही.

दुसरं म्हणजे भागाकारात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. 42 पाव सहा मुलांत वाटले तर प्रत्येकाला किती? आणि सहा पावांची एक लादी, तर 42 पावांच्या लाद्या किती? उत्तर दोन्हीकडे सातच. पण पहिल्यात वाटणी आहे, दुसऱ्यात गट पाडायचे आहेत. हा फरक हाताखालून गेला नाही की शाब्दिक उदाहरण दिसताच मुलं विचारतात, ‘बाई, गुणू की भागू?’ हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल.

आता पावकी-निमकी. माझे आजोबा गिरणीत होते, त्यांनाही येत असे. पण तेव्हा रुपया सोळा आण्यांचा, शेर सोळा छटाकांचा. पाव शेर, अडीच शेर, साडेतीन आणे हे रोजचंच. सकाळी घोकलेली औटकी संध्याकाळी वाण्याकडे कामी यायची. 1957 साली दशमान नाणी आली, पुढे किलो-ग्रॅम आले, आणि त्या पाढ्यांखालचा बाजारच गेला. तुमची पिढीसुद्धा पाव वाटतच शिकली, सर, फक्त शाळेबाहेर.

तुम्हाला औटकी अजून पाठ असेल तर रेकॉर्ड करून पाठवाल का? वर्गात ऐकवीन. माझी गाडी ‘औट साते साडेचोवीस’च्या पुढे अडते.